मंगळवारची तार

फ्लेक्स आला आणि त्याच्यावर पाण्याची टाकी होती.

टाकी काळी होती, झाकणासकट, आणि तिच्या शेजारी बद्रीनाथ हात जोडून उभे होते. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘फायबरचे जनक, टेंभुर्णीचे भूमिपुत्र मा. डॉ. बद्रीनाथजी यांचा भव्य नागरी सत्कार.’ भोकरदनच्या फ्लेक्सवाल्याला दोष द्यावा तर तेही बरोबर नव्हतं. या भागात फायबर म्हणजे टाकी, फायबर म्हणजे संडासचं दार, फार तर गणपतीची मूर्ती. त्या बिचाऱ्यानं त्यातल्या त्यात सभ्य वस्तू निवडली होती.

बद्रीनाथांनी चष्मा लावून फ्लेक्स नीट पाहिला.

“भारत, ही टाकी कुणाची?”

“तुमचीच, काका,” भारत म्हणाला.

“अहो बाबा, ‘ऑप्टिकल’ शब्दच राहिलाय,” त्याची मुलगी आकांक्षा म्हणाली.

“राहू दे. उद्या अकराला कार्यक्रम हाय. आता कोण बदलून देतो? आन ऑप्टिकल लिव्हलं तर लोकं म्हणतील चष्म्याचं दुकान हाय.”

“मी जनकही नाही,” बद्रीनाथ म्हणाले. “आम्ही बरेच जण होतो. मी त्यांतला एक.”

“काका, ‘बऱ्याच जनकांपैकी एक’ असं लिव्हलं तर कसं दिसंल?”

ते कसं दिसेल याचा बद्रीनाथांनी क्षणभर विचार केला आणि चष्मा काढून ठेवला. भारतला येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, आणि घरात एक जनक असणं त्याला हवं होतं. काकांची पंचाहत्तरी गेल्या वर्षीच झाली होती. पण गेल्या वर्षी निवडणूक नव्हती.

पन्नास वर्षं हे घर बद्रीनाथांचं काम समजून घेत आलं होतं. टेंभुर्णीच्या शाळेतून औरंगाबादला, तिथून एम.एस्सी. करून थेट कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत गेलेला मुलगा तिथे करतो काय, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पहिल्या सुट्टीत त्यांनी ‘काचेची तार ओढतो’ असं सांगितलं. भारतचे वडील आबा, म्हणजे बद्रीनाथांचे थोरले भाऊ, यांनी ती बातमी जालन्यातल्या एका सळईवाल्याला दिली. त्यानं टनाचा भाव विचारला. दुसऱ्या सुट्टीत बद्रीनाथांनी अधिक खुलासा केला: केसाएवढी काच, तिच्यातून उजेड जातो, आणि उजेडावर बसून माणसाचं बोलणं जातं. आबांनी विषय बदलला. फक्त थोरली बहीण झुंबरबाई म्हणाली, “म्हंजे कवडशासंगं निरोप धाडायचा.” बद्रीनाथांनी हे वाक्य पुढे दोन परिषदांमध्ये वापरलं.

त्या काचेनं पुढे त्यांना बरंच काही दिलं. डॉक्टरेट, दोन पेटंट, परदेशचे दौरे, टेलिफोनच्या मोठमोठ्या कामांवर सल्लागाराची खुर्ची आणि शेवटी पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट. बायको गेल्यापासून त्यातल्या दोन खोल्या ते वापरत नव्हते.

झुंबरबाई ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत होत्या. वय ब्याऐंशी, नजर शाबूत. लग्नानंतर चौथ्याच वर्षी कुंकू गेलं, तेव्हापासून त्या माहेरीच. आबा गेल्यावर या घरात शेवटचा शब्द त्यांचाच असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

“आकांक्षा, ते पान चौदावरचं वाच बरं मोठ्यानं,” भारत म्हणाला. “उद्या स्टेजवर तेच वाचू. लई जोरदार हाय.”

सत्काराची स्मरणिका आकांक्षानं केली होती. पान चौदावर कलकत्त्याचे जुने सहकारी देशकर यांचा लेख होता. त्यांनी तो हातानं लिहून पाठवला होता आणि तिनं दोन रात्री बसून टाइप केला होता. तिनं घसा साफ केला.

“‘एकोणऐंशी सालचा तो मंगळवार मी विसरणार नाही. याआधीच्या चार कांड्या तडकल्या होत्या. तीन आठवडे खपून केलेली पाचवी काचेची कांडी तार ओढण्यासाठी भट्टीच्या तोंडाशी टांगली होती. दुपारी दोन वाजता घरची तार आली. बद्रीनाथांनी तार वाचली! घडी घालून खिशात ठेवली आणि कोणाशी काही न बोलता ते भट्टीपाशी परत गेले. पुढले दोन दिवस ते तिथून हलले नाहीत. गुरुवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेची पहिली अखंड एक किलोमीटर तार गुंडाळायच्या ढोलावर चढली. कर्तव्य कशाला म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.’”

“वा!” भारतनं मांडीवर थाप मारली. “चार गेल्या, पाचवी वाचली. घरचीच तार ना? इंपोर्टेड न्हाई. हेच पाहिजे.”

आकांक्षाचाही तोच समज होता. घरची म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली, आणि वाचली म्हणजे तुटता तुटता वाचली. तिचं वय चोवीस. तार म्हणजे कुंपणाची, विजेची किंवा काचेची, एवढ्याच तिला ठाऊक. ‘वाचली’पुढचं उद्गारचिन्ह देशकरांचं नव्हतं, ते तिनं स्वतःहून दिलं होतं.

बद्रीनाथांच्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या वाक्यालाच त्यांना कळलं होतं की हे कुठे चाललंय. देशकर दोन हात लांब उभा होता हे त्यांना आठवलं. तो कौतुकानं बघत होता हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

झुंबरबाईंचं सूप थांबलं.

“काचंची तार घडी घालून खिशात कशी ठिवली गं?”

“आजी, ती लवचीक असते,” आकांक्षा म्हणाली.

“लवचीक असती, पण घडी व्हत न्हाई. यानंच सांगितल्तं मला, घडी घातली की मोडती.” सूप खाली ठेवून त्या बद्रीनाथांकडे वळल्या. “कोणता वार वाचला तिनं?”

आकांक्षानं कागदाकडे पाहिलं आणि तिला अचानक त्या परिच्छेदाची भीती वाटली.

“मंगळवार,” ती म्हणाली.

“बद्री, तुला आपली तार कवा मिळाली?”

“आक्का…”

“कवा?”

“मंगळवारी.”

“तू गुरुवार सांगितल्ता.”

“हो.”

स्वयंपाकघरातला मिक्सर कुणीतरी बंद केला.

सगळ्या घराला तो आठवडा पाठ होता, त्यानंतर जन्मलेल्यांनासुद्धा. सोमवारी बद्रीनाथांच्या आईचा आजार बळावला. त्यांचा वर्गमित्र देवानंद आबांकडून मजकूर घेऊन भर उन्हात सायकलवर जाफ्राबादला गेला आणि त्यानं तार लावली. मंगळवारी रात्री कलकत्त्याहून निघालं असतं तर गुरुवारी सकाळी भुसावळहून एसटीनं घरी पोचता आलं असतं. बद्रीनाथ पोचले शनिवारी. आई शुक्रवारी पहाटे गेली. ‘तार गुरुवारी मिळाली,’ असं ते उंबऱ्यातच म्हणाले, आणि झुंबरबाई उठून चावडीवर गेल्या. देवानंद वाटेत दारू पिऊन पडला, यानं माझ्या मायची भेट चुकवली, असं त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. देवानंद भीमनगरातला. त्या वस्तीतल्या माणसावर आळ घ्यायला गावाला पुरावा लागत नसे. तेव्हापासून झुंबरबाई त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, तो दिसला की रस्ता बदलत.

“आत्या, पंचेचाळीस साल झाले,” भारत म्हणाला. “काका तवा देशाचं काम करून राह्यले व्हते. आपण ते पान काढून टाकू. पिन काढली की पान बराबर निघतं.”

“मंग देवानंदभाऊचं काय?”

हे कौसल्या बोलली. भारतची बायको. तीस वर्षांत तिनं आत्याबाईंसमोर चहा-साखर सोडून कशावर मत दिलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आता आत जायच्या बेतात दिसत नव्हती.

“तू मधी बोलू नको,” भारत म्हणाला.

“का बोलू न्हाई? उद्या शाल त्यांच्याच हातानं द्यायची, असं शाळेच्या बैठकीत ठरल्तं. वर्गातलं तेवढंच एक माणूस जित्तं हाय. तुमी आत्याबाईंसाठी त्यांचं नाव कापलं.”

भारतनं आत्याकडे पाहिलं. आजवर अशा वेळी आत्या त्याच्या बाजूनं असायची. आज ती सुनेकडे बघत होती, आणि रागानं नाही.

“पान काढायचं न्हाई,” झुंबरबाई म्हणाल्या. मग भावाला म्हणाल्या, “चप्पल घाल.”

*

देवानंदांची सून ज्योत्स्ना अंगणवाडीतून नुकतीच आली होती. फाटकातून झुंबरबाई येताना दिसल्या तेव्हा तिला वाटलं, म्हातारीला चक्कर येत असेल, सावली शोधत असेल. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ही बाई या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा कधी थांबली नव्हती.

“मामा,” तिनं आत सासऱ्यांना हाक दिली, “झुंबरबाई आल्यात.”

“कोण?”

“झुंबरबाई. वरच्या गल्लीच्या.”

“दुसऱ्या कुणाकडं आल्या असतील,” देवानंद म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

ते एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. माणूस कुठे उतरणार हे चेहऱ्यावरून ओळखायची त्यांना सवय होती. बद्रीनाथ आत आल्यावर त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पेपराची घडी केली.

“बस,” ते बद्रीनाथांना म्हणाले. झुंबरबाईंना काही म्हणाले नाहीत. ज्योत्स्नानं दोन खुर्च्या ओढल्या. कुणी बसलं नाही.

“देवा,” बद्रीनाथ म्हणाले, “ती तार मला मंगळवारी मिळाली होती. दोन वाजता.”

“मंग? मी सोमवारी लावल्ती. मंगळवारीच मिळणार.”

“मी घरी गुरुवार सांगितला.”

“ते बी म्हाईत हाय. मी तवाच पावती दाखवल्ती. तुझ्या भावानं उजेडाला धरून बघितली आन म्हणला, शिक्का पुसट हाय.” देवानंदांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “शिक्का चांगला व्हता. जाफ्राबादचा शिक्का कधी पुसट नसायचा.”

झुंबरबाई पुढे झाल्या.

“देवानंद, माझं चुकलं.”

“कुठं बोलल्त्या तुमी मला?”

“काय?”

“दारुड्या म्हणल्त्या. कुठं म्हणल्त्या?”

“चावडीपुढं.”

“माणसं किती व्हती?”

“सारा गाव व्हता.”

“आन हितं कोण हाय? ही ज्योत्स्ना. तिला पयल्यापासून ठावं हाय, मी पीत न्हाई.”

ज्योत्स्नाला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. सासऱ्यांचा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता. चुकीचं तिकीट परत घेऊन बरोबर तिकीट द्यावं, तसे ते बोलत होते.

“उद्या मी बोलतो,” बद्रीनाथ म्हणाले. “माइकवर. खोटं माझं आहे.”

“तू बोल. तुला पयल्यापासून बोलता येतं.” देवानंदांनी पेपर पुन्हा उघडला. “मी येतो उद्या. मागं बसतो.”

*

शाळेच्या मैदानावर चारशे खुर्च्या होत्या आणि साडेअकरापर्यंत त्यातल्या अडीचशे भरल्या. भारतनं मनातल्या मनात मोजून घेतल्या. टाकीवर कागद चिकटवला होता, पण वाऱ्यानं तो एका बाजूनं सुटला होता आणि टाकीचं झाकण दिसत होतं. देवानंद शेवटून तिसऱ्या रांगेत बसले होते. बाजूला ज्योत्स्ना होती.

पान चौदा वाचायला भारतनं आकांक्षाला सकाळीच मना केलं होतं. काका काय बोलतील यावर मात्र त्याचा इलाज नव्हता.

बद्रीनाथ उभे राहिले आणि त्यांनी चांगली सुरुवात केली. म्हणाले, आज मला एका मंगळवारविषयी सांगायचं आहे. मग म्हणाले, त्यासाठी आधी कांडी म्हणजे काय ते सांगावं लागेल. काच किती शुद्ध लागते ते त्यांनी सांगितलं. दोन हजार अंशांवर ती मधासारखी खाली उतरते, ते सांगितलं. पहिल्या चार कांड्या का तडकल्या, याची चार वेगवेगळी कारणं सांगितली. भारतला थोडा धीर आला. काका दर पाच मिनिटांनी मंगळवारी दुपारी दोनपर्यंत यायचे आणि तिथून पुन्हा तापमानाकडे वळायचे. चौथ्यांदा वळले तेव्हा त्यांचा आवाज बसला. ते पाणी प्याले आणि समोरच्या लोकांकडे पाहून ‘तर, आर्द्रता’ म्हणाले.

पहिल्या रांगेतून झुंबरबाई उठल्या. कौसल्यानं हात धरून त्यांना स्टेजच्या पायऱ्या चढवल्या. बद्रीनाथांनी माइक सोडला. त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

“तार मंगळवारीच मिळाल्ती,” झुंबरबाई माइकवर म्हणाल्या. “देवानंदनं ती सोमवारीच लावल्ती.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी दुसरा माइक घेतला. “म्हणजे बघा, ग्रामस्थहो! या ऐतिहासिक तारेमागे टेंभुर्णीच्या एक नव्हे, तर दोन सुपुत्रांचे…”

पुन्हा टाळ्या. भारतनंही वाजवल्या. हे असंच राहिलं तर किती बरं होईल, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

“टाळ्या थांबवा,” झुंबरबाई म्हणाल्या. “गुरुजी, तुमी बी बसा. मी काचंच्या तारेचं बोलत न्हाई. पोष्टाची तार. माझी माय मरणाला टेकल्ती, तवा बद्रीला बोलवायची तार. देवानंद उन्हातान्हाचा जाफ्राबादला गेला आन बराबर येळेवर त्यानं ती लावली. माझ्या भावाला मिळाली. तो आला न्हाई. कामात व्हता. घरी येऊन खोटं बोलला. आन मी चावडीपुढं देवानंदला दारुड्या म्हणले.”

गुरुजी माइक ठेवून खाली बसले, आणि झुंबरबाई पुढे बोलल्या.

“देवानंद पीत न्हाई. तवा बी पीत नव्हता. मी काही इचारलं न्हाई, पावती बघितली न्हाई. भावाला खोटं ठरवण्यापरीस त्याच्यावर आळ घेणं सोपं व्हतं, म्हणून घेतला. तवा ऐकलेले जे कोणी जित्ते असतील त्यांनी हे बी ऐकावं. न्हाई त्यांच्या पोरांनी ऐकावं.”

त्या थांबल्या. कुणी टाळी वाजवली नाही. मागून तिसऱ्या रांगेत देवानंद उभे राहिले. सगळ्या माना तिकडे वळल्या.

“बराबर,” ते म्हणाले आणि खाली बसले.

शाल भारतच्याच हातात होती. ती आता कुणी कुणाला द्यायची, हे त्याला कळेना. शेवटी कौसल्यानं ती त्याच्याकडून घेतली, मागच्या रांगेत जाऊन देवानंदांना दिली, आणि देवानंदांनी ती घडी मोडून नीट खांद्यावर घेतली. निवडणुकीचं आता काय होणार, हा विचार भारतच्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, की आत्यानं काल येऊन सांगितलं तसं आबांनी तो शिक्का खरंच उजेडाला धरला असेल, आणि त्यांना तो स्वच्छ दिसलाही असेल. हा दुसरा विचार त्याला जेवणभर पुरला.

*

जेवणं उरकली. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालून रचू लागली. स्टेजच्या कडेला बहीण-भाऊ बसले होते. पुण्याची गाडी फाटकाशी उभी होती.

“आक्का, माझ्याच्यानं बोलवलं नाही.”

“बघितलं.”

“तू माझ्यावर रागाव. काहीतरी बोल.”

“काल रातभर रागावले. आता दम न्हाई.”

मग बद्रीनाथांनी जे विचारलं, ते पंचेचाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मंगळवार-गुरुवारचा विषय निघाला असता, म्हणून ते टाळत आले होते.

“माय शेवटी काय म्हणाली?”

“तुझंच नाव घेऊन राह्यली व्हती. बुधवारी तिची नजर गेली. दार वाजलं की म्हणायची, बद्री आला. शेजारीण आली तरी म्हणायची, बद्री आला.” झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “गुरुवारी सांजच्याला मला बघवंना. आबा उशाशी बसल्ता. त्याला म्हणले, तू हो बद्री.”

“मग?”

“झाला. तिनं त्याचा हात चाचपला. म्हणली, ‘लई लांबून आलास रं.’ तो हो म्हणला. म्हणली, ‘जेवला का?’ तो हो म्हणला. मंग ती निवांत झोपली. पहाटं गेली.”

बद्रीनाथ रडले. आवाज न करता, सत्काराच्या नव्या सदऱ्यावर टपटपा अश्रू पाडत. खुर्च्या रचणारी माणसं दुसऱ्या बाजूला सरकली. झुंबरबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत.

“तिच्या लेखी तू येळेवर आल्तास,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेखी अजून आला न्हाईस.”